आता शेजारच्या घरात जाऊ

सरांच्या त्या लेखाचा दुसरा भाग जागेअभावी गाळावा लागला, असं मी आजवर सांगत आलो. फार कुणी विचारलं नाही, पण ज्यानं विचारलं त्याला हेच सांगितलं. जागा होती. वाचनालयाच्या त्या दिवाळी अंकाची शेवटची पानं कोरी जात होती, आणि ती भरायला खताच्या एका दुकानदाराकडे जाऊन दिवाळीच्या शुभेच्छांची जाहिरात मीच मागून आणली होती. हे बायकोलाही माहीत नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच? एक लेख अर्धा छापला, त्यात काय आभाळ कोसळलं? मीही स्वतःची अशीच समजूत घालत होतो. पण सर काय चीज होते हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. म्हणून आधी सर.

सर आता नाहीत. त्यांच्या शोकसभेत वाचनालयातर्फे मीच बोललो. 'आपल्या समाजाला आरसा दाखवणारा धाडसी विचारवंत' असं काहीतरी म्हणालो. शोकसभेत टाळ्या वाजत नाहीत, पण माना पुष्कळ हलल्या. मागच्या रांगेत कापडवाले हाजीसाहेब बसले होते. त्यांची मान हलली नाही. मी तिकडे बघायचं टाळलं आणि खाली येऊन बसलो.

सर आमच्या कॉलेजात मराठीचे प्रोफेसर. मी त्याच आवारात ज्युनिअरला मराठी शिकवतो. नांदुऱ्यासारख्या गावात मुसलमान माणूस ओव्या-अभंग शिकवतो म्हटल्यावर नव्या माणसाला नवल वाटायचंच. एकदा पुण्याहून कुणी पाहुणे व्याख्यानाला आले. जेवताना कौतुकानं म्हणाले, तुमचं मराठी फारच छान आहे हो, कसं काय शिकलात? सरांनी भाकरीवर ठेचा घेतला, घास गिळला, आणि म्हणाले, "माय बोलत होती, मी ऐकत होतो. तुमच्या मायनं तुमाले येगळं पुस्तक देल्लं होतं काय?" पाहुणे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी अजून एक भाकरी मागितली.

त्यांच्याकडे एक जुनी लूना होती आणि तिच्या मागे कायम एक घडीचं स्टूल बांधलेलं असायचं. लोखंडी पायांचं, वर खाकी कापड ताणलेलं. आम्ही नवे असताना वाटायचं, पाठीचं दुखणं असेल. नंतर कळलं. सरांचा नियम होता की लेख छापायला देण्याआधी तो एका माणसाला घरी जाऊन वाचून दाखवायचा, आणि तो माणूस निवडायचा कसा, तर ज्याला त्या लेखाचा सगळ्यात जास्त राग येईल तो. "ज्याले राग येईन त्याच्या घरात आपल्याले कोणी खुर्ची देत नाई," सर म्हणायचे, "म्हणून आपली आपण नेलेली बरी."

हे ते विनोदानं म्हणत नसत. त्यामागे त्यांचा विचार होता आणि तो ते वर्गातही सांगायचे. छापून आल्यावर माणसाला कळलं तर तो दगा. छापायच्या आधी कळलं तर ते भांडण. भांडण चांगलं असतं, भांडणात दोन माणसं समोरासमोर असतात.

त्यांचं मोजमाप चहावर चालायचं. समोरच्यानं चहा अर्धा ठेवला, तर लेख नेमका बसला. पूर्ण प्यायला, तर लेखात दम नाही, घरी जाऊन पुन्हा लिहायचा. आणि चहाच आला नाही तर? हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. सरांनी लूनाला बांधलेल्या स्टुलाची दोरी आवळली. मग म्हणाले, "मंग लेख जितला अन् माणूस गेला. तसं नाई व्हाले पाह्यजे."

त्यांचे लेख बहुतेक इस्लामवर असायचे. म्हणजे धर्मग्रंथावर भाष्य वगैरे नव्हे; नांदुऱ्यात, मलकापुरात, खामगावात जो इस्लाम जगला जातो त्यावर. एक लेख जकातीवर, म्हणजे धर्मानं सांगितलेल्या दानावर होता. गरिबाला ब्लँकेट देताना फोटो काढला की त्या दानाचं पुण्य फोटोग्राफरच्या खात्यावर जमा होतं, असं त्यात होतं. एक लेख मशिदीच्या दारावर होता. पैगंबरांच्या मशिदीत बायका नमाजाला उभ्या राहायच्या आणि आमच्या मशिदीत त्यांना पायरीही का नाही, असा सरळ प्रश्न. तो लेख त्यांनी मशिदीच्या कमिटीला वाचून दाखवला. स्टूल मांडून. त्या दिवशी सगळे कप अर्धे राहिले होते, हे त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन निकाल लागल्यासारखं सांगितलं.

उर्दूत का लिहीत नाही, असं त्यांना त्यांचे लोक विचारायचे. सर म्हणायचे, उर्दूत लिहिलं तर भांडण घरातल्या घरात राहतं. मराठीत लिहिलं की शेजाऱ्याला ऐकू जातं. आणि तो भिंतीला कान लावून उभाच आहे तर त्यालाही दोन शब्द ऐकवता येतात. त्यांचा प्रत्येक लेख असा दोन भागांचा असायचा. पहिला भाग आपल्या घराचा. मग एक ठरलेलं वाक्य यायचं: 'आता शेजारच्या घरात जाऊ.' आणि दुसऱ्या भागात तोच प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहायचा.

'तुमच्यात' हा शब्द त्यांना चालत नसे. स्टाफरूममध्ये एकानं एकदा विचारलं, सर, तुमच्यात मामाच्या पोरीशी लग्न करतात म्हणे? सर म्हणाले, "कोणाच्यात? नांदुऱ्यात? तुमचंच ठरलं होतं न मामाच्या पोरीसंग. तिनंच नाई म्हटलं म्हणून सुटले." हे खरं होतं. खोली इतकी हसली की शिपाई डोकावून गेला.

रोजे मात्र ते सगळे धरायचे. त्यामुळे त्यांचं कुणाशीच जमेना. इकडचे मशिदीतले म्हणत, हा नावाचाच मुसलमान. तिकडून मोठ्या शहरातले पुरोगामी मित्र येत, ते म्हणत, एवढं लिहिता आणि अजून रोजे? सर त्यांना म्हणाले, "घर झाडतो म्हणून घर सोडून जाऊ काय?"

हाजीसाहेब हे त्यांचे मुख्य श्रोते. बाजारात त्यांचं कापडाचं मोठं दुकान, मशिदीच्या कमिटीत शब्दाला वजन. सरांपेक्षा वयानं बरेच मोठे. दोघांचं भांडण वर्षानुवर्षं चालू होतं आणि मला वाटतं दोघांनाही त्याशिवाय करमत नसे. ईदला सरांकडे पहिला शीरखुर्मा हाजींच्या घरून यायचा, लेख कितीही झोंबलेला असला तरी.

वाचनालयाचा दिवाळी अंक मी संपादित करायचो. म्हणून सर मला 'संपादक' म्हणायचे, निम्मं थट्टेनं. त्या वर्षी त्यांनी लेख लिहायला घेतला तो हक्कसोडीवर. बहिणीनं बापाच्या शेतातला आपला वाटा भावासाठी सोडला, अशी कचेरीत जाऊन सही करायची, ती हक्कसोड. सरांचं म्हणणं होतं की ज्या काळात मुलीला काहीच मिळत नव्हतं त्या काळात कुराणानं तिचा वाटा ठरवून दिला. मुलाच्या निम्मा, पण ठरवून. ती पायरी होती, छप्पर नव्हतं. पुढच्यांनी चढत जायचं होतं. आपण काय केलं, तर तो निम्माही सही घेऊन काढून घेतला.

तो वाचायला सर हाजींच्या दुकानात गेले तेव्हा मलाही लूनावर मागे घेतलं. स्टूल माझ्या मांडीवर. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. हाजी गादीवर, मी गादीच्या कडेला, सर स्वतःच्या स्टुलावर. वाचून झालं. हाजींचा चहा अर्धा थांबला होता. ते म्हणाले, कुराण में जो लिखा है वो लिखा है, पायरी-बियरी तू मत सिखा. सर म्हणाले, "जो लिखा है उतना तो दे दो हाजीसाब. बढ़ाने की बात बाद में करेंगे."

हाजींनी कप बाजूला सारला. त्यांची एक विधवा बहीण मलकापूरला होती आणि तिची सही त्यांनी घेतलेली होती, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. मग ते एकदम दुसरंच बोलू लागले. 'सही की साडी', म्हणाले, म्हणजे सहीची साडी. आमच्या भागात रीत आहे, नियम कुणी केलेला नाही पण चुकत नाही: बहिणीनं सही करायची त्या दिवशी भाऊ तिला साडी घेतो. हाजी म्हणाले, हे गिऱ्हाईक मी दुकानात पाय ठेवताच ओळखतो. ते भाव विचारत नाही. आमचे लोक घेतात, तुमचे घेतात, सगळ्यांच्या बहिणींच्या साड्या याच फळीवरून जातात. "अभी पोले के आगे एक पढ़े-लिखे साब आए," ते म्हणाले. "बोले, थोड़ी भारीवाली दिखाओ. मोरपंखी ले गए. भाव नहीं पूछे."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. फळीकडे बघत होते. दुकानदाराची अदब असते ती.

ती मोरपंखी साडी मी घेतली होती. माझी धाकटी बहीण संग्रामपूरला दिली आहे. आमचं वडिलांचं शेत रस्त्याला लागून आहे आणि तो रस्ता मोठा होणार अशी तेव्हा बोलवा होती. मी तिला फोन केला की एक सही करून जा. काय, कशाची, काही विचारलं नाही तिनं. सकाळच्या बसनं आली, कचेरीच्या बाकावर साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसली, नाव पुकारल्यावर उठली. नंतर समोरच्या हॉटेलात आम्ही भजे खाल्ले. ती म्हणत होती, कशाले घेतली दादा एवढी भारी.

हाजींनी त्या दुपारी सरांना एक शब्द दिला. म्हणाले, आपल्या लोकांचं लिहिलंस, ठीक. पण ही साडी पण लिही. दोन्ही घरांचं एकत्र छापून आलं तर तो अंक हातात घेऊन मी जुम्म्याच्या नमाजाला चार लोकांत उभा राहीन आणि म्हणेन, यानं कुणाला सोडलेलं नाही, तेव्हा आधी आपण करू, मग त्यांना विचारू. आणि सुरुवात माझ्या घरापासून, मलकापूरवालीचं नाव सातबाऱ्यावर चढवून. नुसतं आपलंच आलं, तर मला तोंड उघडता येणार नाही. लोक म्हणतील, प्रोफेसरनं हाजीला दुसऱ्यांच्या टाळ्यांसाठी वाकवलं. "दोनों छापोगे ना?" त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "एक टांग पे स्टूल खड़ा रहता क्या?" आणि माझ्याकडे बोट केलं, हे संपादक. मी मान डोलावली.

दुसरा भाग लिहून झाल्यावर सर माझ्या घरी आले. सोफा होता, तरी स्टूल उघडून बसले. तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी स्वतःची समजूत घातली की संपादक म्हणून ऐकवायला आलेत. बायकोनं चहा आणला. सर वाचू लागले. 'आता शेजारच्या घरात जाऊ.' मग दुकान, फळी, भाव न विचारणारा भाऊ. मग कचेरीतला बाक आणि मांडीवर मोरपंखी साडीची पिशवी घेऊन बसलेली बाई, जिला वाटतंय की आज दादानं माहेरपण केलं. नाव नव्हतं, गाव नव्हतं. आणि शेवटी असं काहीतरी होतं की मुसलमान बाईची कणव ज्यांना वर्षातून एकदा येते, त्यांनी ती यायच्या आधी आपल्या बहिणीची साडी कुठल्या दिवशी घेतली होती ते आठवावं.

मी चहा पूर्ण प्यायलो. कढत होता, जीभ पोळली, तरी प्यायलो. कप रिकामा करून बशीत ठेवला.

सरांनी कपात वाकून पाहिलं. "पुरा पेला? मंग काई खरं नाई या भागाचं," म्हणाले आणि हसले. स्टूल मिटलं. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, "तरी छापजो."

त्यांना माहीत होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. हाजींनी नाव सांगितलं नसणार, ते तसे नव्हते. पण सरांनी राग येणारा माणूस निवडण्यात कधी चूक केल्याचं माझ्या आठवणीत नाही.

लेख परीक्षेच्या पुरवण्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेला होता. दुसरी प्रत नव्हती. मी पहिला भाग प्रेसला दिला. शेवटचं वाक्य, शेजारच्या घराचं, मी लाल पेनानं खोडलं. ते ठेवलं असतं तर वाचणाऱ्याला कळलं असतं की पुढे काही आहे. पानं कमी पडली म्हणून कापणारा माणूस ते वाक्य खोडत नाही. त्याच्या खाली 'समाप्त' घातलं. सरांचं शीर्षक काढून 'मुस्लिम भगिनींचा हिरावलेला वाटा' असं माझं घातलं, आणि चौकटीत सरांची ओळख लिहिली. तिथंच तो 'धाडसी' शब्द पहिल्यांदा आला. दुसऱ्या भागाचे कागद प्रेसच्या रद्दीत गेले. गेले म्हणजे, मी टाकले.

अंक दिवाळीच्या आधी निघाला. भाऊबीजेला बहीण आली. तीच साडी नेसून आली होती. मोठ्या सणाला ती तीच काढते. दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीत अंक वाचत बसली. तिला वाचायची आवड आहे, शाळेत माझ्यापेक्षा हुशार होती. ओवाळायची वेळ झाली, मी पाटावर बसलो. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि तबक फिरवता फिरवता म्हणाली, "दादा, तुह्या सरानं किती चांगलं लिव्हलं रे. त्याइच्यात बायाइचे लय हाल हायेत बापा. भावच लुटतेत."

मी ओवाळणी तबकात टाकली. माझ्या तोंडून होकाराचा 'हाव' असा शब्द निघाला.

हे लिहिताना मला आठवायला सगळ्यात जड गेली असेल तर ही जागा. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात खोच नव्हती. तिला खरंच वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या बायकांचं.

मग त्या पानाचा फोटो कुणीतरी काढला आणि तो मोबाइलवर फिरू लागला. ज्यांनी सरांना उभ्या जन्मात नमस्कार केला नव्हता ते त्यांचं नाव घेऊ लागले. एक दिवस चार-पाच जण शाल आणि नारळ घेऊन त्यांच्या घरी गेले. मला बोलावलं होतं, अंकाचा संपादक म्हणून. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

सर बाहेरच्या खोलीत होते. त्यातला एक म्हणाला, सर, तुमच्यासारखे दहा जण तुमच्यात निघाले तर देशाचं भलं होईल. सर म्हणाले, कोणाच्यात, नांदुऱ्यात? त्यानं शालीची घडी पुढे केली. सर म्हणाले, बसा, दुसरा भाग ऐका. आणि स्वतःच्या घरात, खुर्च्या असताना, त्यांनी स्टूल उघडलं. कागद नव्हते. डोळे मिटून त्यांनी सुरू केलं, "आता शेजारच्या घरात जाऊ." पूर्ण भाग म्हटला. फळी, बाक, मोरपंखी, सगळं. आधी एकानं मोबाइलात डोकं घातलं, मग दुसऱ्यानं. एकजण खिडकीबाहेर बघत होता आणि त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. त्यालाही बहीण असणार. चहा आला होता, सरांच्या घरचाच. कप अर्धेच राहिले.

"नारळ ठेवून जा, चटनी होईन," सर म्हणाले. "शाल घेऊन जा. थंडी तुमालेच वाजून राह्यली."

ते गेले. मी मागे थांबलो. सर स्टूल मिटत होते. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर मी बहुतेक सांगून टाकलं असतं, निदान मला तसं वाटायला आवडतं. ते म्हणाले, "जागा कमी पडली असंन."

मी म्हणालो, हो सर.

त्यानंतर मला म्हणाले, चल बे, हाजीकडे जाऊन येऊ. दुकानापाशी आल्यावर म्हणाले, तू भाईर थांब, लूना धर. मी लूनाचं हँडल धरून उभा राहिलो. सर आत गेले. आज स्टूल नेलं नाही, ते लूनालाच बांधलेलं होतं. मला आतलं ऐकू येत होतं. हाजी ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की हे त्या मास्तरनं कापलं, की तू कापायला लावलंस?

सर म्हणाले, "मेरा नाम है ना उसपे? फिर मैंनेच काटा समझो."

मी दोन पावलांवर होतो. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. तेव्हा वाटलं, सर मला वाचवताहेत. पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की माझं नाव घेतलं असतं तर कारण निघालं असतं, आणि कारणात माझी बहीण होती. भर बाजारात तिची साडी निघाली असती. त्यांनी बहुधा तिला वाचवलं. मी आपला आयता त्या आडोशाला उभा.

सर बाहेर आले. लूनाला पेडल मारता मारता म्हणाले, "च्या नाई आला."

एवढंच. तो विषय त्यांनी माझ्याजवळ पुन्हा काढला नाही. मलकापूरच्या बाईंचं नाव सातबाऱ्यावर चढलं नाही. त्या जुम्म्याला कुणी उभं राहिलं नाही. ईदला हाजींकडून शीरखुर्मा आला नाही, आणि सरांच्या बायकोनं केलेला सरांनी अर्धी वाटी खाऊन ठेवला, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

सर हळूहळू लिहायचे थांबले. मागणी होती. मोठमोठ्या शहरांतून फोन यायचे की सर, अगदी त्या लेखासारखंच लिहा. सर म्हणायचे, वाचून कोणाला दाखवू? मला त्यांनी कधीच घरातून काढलं नाही. पुढच्या वर्षी अंकासाठी मागायला गेलो तर चहा पाजला आणि म्हणाले, संपादक, आता आपलं स्टूल मोडलं. ते मोडलं नव्हतं. लूनावर तसंच बांधलेलं होतं, ती विकेपर्यंत.

त्यांच्या मातीला गेलो होतो. हाजी आले होते, वाकून तीन मुठी माती दिली त्यांनी. हात झटकून ते बाजूला उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या अगदी जवळ होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते. भांडण न मिटता राहिलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा. तेव्हाही सांगता आलं असतं. त्याऐवजी मी शोकसभेची तयारी केली.

सरांच्या नियमाप्रमाणे हे लिहिलेलं आता छापण्याआधी ज्याला राग येईल त्याला वाचून दाखवलं पाहिजे. माझ्या मुलाला येईल, त्यानं त्या शेतात रस्त्याकडेला हॉटेलचं ठरवलं आहे. बहिणीला येणार नाही. ती म्हणेल, जाऊ दे दादा, माहेरचं दार उघडं राह्यलं म्हणजे झालं. मला मुलाच्या रागापेक्षा याचीच भीती जास्त वाटते, आणि म्हणूनच मी गेली कित्येक वर्षं संग्रामपूरला मुक्कामाला गेलेलो नाही. सकाळी जातो, दुपारच्या बसनं परत येतो.

हाजीसाहेब अजून दुकानात बसतात. त्यांना आता ऐकू येत नाही. हळू बोललेलं तर मुळीच नाही; गिऱ्हाईकांना भावसुद्धा ओरडून विचारावा लागतो. म्हणजे सरांचा लेख मी कापला, सरांनी नाही, हे मला त्यांना भर दुकानात, चार लोकांसमोर, ओरडून सांगावं लागणार आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही. आणि माझ्या नावावरचं निम्मं शेत माझ्या बहिणीचं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.